चर खणण्याआधी सातबारा वाचा

फेब्रुवारी लागला की ग्रामीण भागात काम करणाऱ्या आपल्यासारख्या गटांकडे महाविद्यालयांची पत्रं यायला लागतात. ‘आमच्या दहा-पंधरा विद्यार्थ्यांना उन्हाळी सुट्टीत मृद् व जलसंधारणाच्या कामाचा अनुभव मिळावा, तरी आपण सहकार्य करावे.’ पूर्वी ही पत्रं समाजकार्य महाविद्यालयांची असायची, नाहीतर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच इंटर्नशिपला श्रेयांक मिळू लागले आणि पत्रांचा ओघ वाढला. आता वाणिज्य शाखेची मुलंसुद्धा महिना-दीड महिना गावात राहून जमिनीचं संवर्धन शिकायला येतात. त्यांना काय शिकवायचं, हे ठरवण्याची थोडीफार ताकद त्यामुळे आपल्या हातात आलेली आहे. ती आपण वापरत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, ही मुलं यावीत असंच माझं मत आहे. ती जे शिकतात ते खरं शिक्षण आहे. दोन बांबू वरच्या टोकाला जुळवायचे, मध्ये आडवी काठी बांधायची, दोऱ्याला दगड लटकवायचा आणि ही ए-फ्रेम घेऊन उतारावर समपातळीची रेषा शोधत जायचं. त्या रेषेवर फक्की टाकायची आणि मग चर खणायचा. पाणी डोंगराच्या माथ्यावरच अडवलं नाही तर खालचा बंधारा गाळानं भरून जातो, म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे. हे पुस्तकात एका ओळीत वाचणं वेगळं आणि एप्रिलच्या उन्हात चढून-उतरून समजणं वेगळं. २०१६ ते २०१९ या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेच्या निमित्तानं शहरातली किती माणसं खेड्यात येऊन कुदळ हातात धरून गेली! त्यातल्या अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की नळाच्या आधी डोंगर असतो.

माझं म्हणणं पुढचं आहे. जमीन राखायला शिकवताना ती जमीन कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या हातांनी राखली जाते, हे दोन प्रश्न विचारायला या मुलांना कोणी शिकवत नाही.

अशा इंटर्नशिपचे अहवाल मी बरेच वाचले आहेत, कारण शेवटी ते आपल्याच सहीसाठी येतात. सुबक असतात. रंगीत नकाशा, पाणलोटाचं क्षेत्र इतके हेक्टर, चरांची लांबी इतके मीटर, झाडांच्या जाती इतक्या, विहिरींची पातळी इतकी. आणि मग ते ठरलेलं वाक्य येतं, ‘सदर काम लोकसहभागातून झाले.’ मैत्रिणींनो, हा ‘लोक’ शब्द आपण इतक्या वर्षांत पुष्कळदा सोलून पाहिला आहे. ‘लोक’ म्हटलं की पारावर बसलेले पुरुष डोळ्यांपुढे येतात. बायका लोकांत मोजल्या जातात त्या खड्ड्याशी. ठराव करताना, समिती नेमताना, फोटोखाली नावं छापताना त्या पुन्हा ‘कुटुंबीय’ होतात.

महाराष्ट्रातली माती बायकांनी अडवली, हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं निघाली, १९७७ साली त्याचा कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, रस्ते. त्या कामांवर अनेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास बायका होत्या. पुरुषानं खणायचं, बाईनं वाहायचं आणि मजुरी खणलेल्या मापावर. कायद्यानं मजुरी समान, पण काम जोडीला मिळणार. म्हणजे विधवा असो की नवऱ्यानं टाकलेली, एकट्या बाईला जोडी नाही म्हणून काम नाही. परित्यक्तांच्या मेळाव्यांमधून ही तक्रार किती वेळा आली, ते जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. मुकादम म्हणायचा, ‘तुझा गडी कुठाय?’ तिथंच विषय संपायचा.

मुलांना एक हिशोब करायला द्यावा. एक घनमीटर माती म्हणजे अंदाजे दीड टन. घमेल्यात पंधरा किलो माती धरली तर शंभर घमेली. अहवालात ‘खोदकाम १ घनमीटर’ अशी अर्धी ओळ लिहिली जाते, तिच्यात शंभर वेळा वाकणं, शंभर वेळा डोक्यावर घेणं आणि शंभर वेळा रिकामं घमेलं घेऊन परत येणं आहे. परत येण्याला मापच नाही. शिवाय त्या बाईनं पहाटे पाणी भरलंय, भाकरी थापल्यात, आणि लेकरू झाडाखाली झोळीत टाकलंय. रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर असावं असं कागदावर होतं. ते प्रत्यक्षात पाहिलेल्या मैत्रिणीनं मला जरूर कळवावं. एखादा दिवस विद्यार्थ्यांच्या हातात कुदळ देऊ नये, वही द्यावी आणि बांधावर बसवून घमेली मोजायला सांगावीत. संध्याकाळी त्यांच्या अहवालाची भाषा बदललेली असेल.

आता नावाचा प्रश्न. काम करणाऱ्या ग्रामीण बायकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश शेतीत आहेत, असं केंद्र सरकारच्याच २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत दिसतं. आणि २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीदारांमध्ये बायका होत्या सुमारे १४ टक्के. त्यांच्याकडचं क्षेत्र तर एकूण क्षेत्राच्या १२ टक्क्यांच्या आसपास. सातबारा उघडला की हे आकडे माणसांच्या रूपात समोर येतात. थोरल्या भावाचं नाव आणि पुढं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. या तीन अक्षरांमागं आई, बहिणी, धाकट्या भावाची विधवा अशा किती बायका झाकल्या जातात! जिथं बाईचं नाव दिसतं तिथंही पुष्कळदा ते ‘इतर अधिकार’ या रकान्यात असतं. माहेरच्या जमिनीचं तर बोलायलाच नको. राखीपौर्णिमेला ओवाळणी घालणारा भाऊ वडलांच्या तेराव्याला हक्कसोडपत्र पुढं करतो आणि ताई सही करते, कारण माहेरचं दार तिला उघडं ठेवायचं असतं.

कायदा मागं नाही. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, केंद्रानं २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात हा हक्क जन्मानं मिळतो, वडील हयात असण्यावर तो अवलंबून नाही, हे स्पष्ट केलं. (आदिवासी बायकांना हा कायदा लागूच नाही, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) शेतकरी संघटनेनं १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, ज्या गावात शंभर कुटुंबांनी बायकांच्या नावे जमीन केली ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणून गौरवलं जायचं. तिथं कोणी किती जमीन दिली आणि ती कसली होती यावर आपल्यात वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. पण जमीन आणि बाई हा विषय त्या वेळी गावच्या सभेत मोठ्यानं बोलला गेला. आज जमिनीच्या संवर्धनाच्या सभेत तो निघत नाही.

‘सातबाऱ्याचा आणि चराचा काय संबंध?’ असं एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं. संबंध पाण्याचा आहे. डोंगरावर चर खणले की पाणी मुरतं, आणि मुरलेलं पाणी ज्याची विहीर त्याला मिळतं. विहीर ज्याची जमीन त्याची. श्रमदान सगळ्या गावानं केलं, भूमिहीन मांगवाड्यानं केलं, एकट्या बायकांनी केलं, पण पाणी वर आलं ते पायथ्याच्या बागायतदाराच्या विहिरीत. मग तो कांदा लावतो, डाळिंब लावतो, आणि श्रमदान केलेली बाई त्याच्या रानात खुरपायला रोजानं जाते. ‘गावात रोजगार वाढला’ असं अहवालात येतं. वाढला, हे खरंच आहे. पण ज्या पाण्यासाठी तिनं फुकट घमेली वाहिली त्या पाण्यावर तिचा हक्क किती, हा प्रश्न त्यात बुडून जातो.

हा प्रश्न विचारणारे लोक महाराष्ट्रात होऊन गेले, हे तरी विद्यार्थ्यांना सांगायला हवं. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर जी पाणी पंचायत उभी केली तिचा नियम असा होता की पाणी जमिनीच्या नव्हे, घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला फार तर अडीच एकराचं, त्यावर ऊस लावायचा नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. सांगली जिल्ह्यात येरळेवरचं बळीराजा धरण १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीनं लढून उभं केलं, तिथंही भूमिहीनांचा पाण्याचा वाटा मान्य केला होता. माणशी वाटा म्हटलं की घरातली बाई मोजावीच लागते. कुटुंबाचा वाटा तिच्या हातात येतो की कर्त्याच्या, हे पुढचं भांडण. पण निदान ती मोजली गेली. आमच्याकडे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी पाणी पंचायतीचं नाव ऐकलेलं असतं. पोकलेनचा ताशी दर मात्र त्यांना आठवड्याभरात पाठ होतो.

आदर्श गावांच्या सहली हा या इंटर्नशिपचा आणखी एक ठरलेला भाग. राळेगणसिद्धी, हिवरेबाजार. त्या गावांनी जे करून दाखवलं त्याबद्दल मला आदर आहे. पण मुलं तिथून पंचसूत्री वहीत उतरवून आणतात: श्रमदान, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी. पाचही शब्द एका दमात म्हटले जातात आणि त्यांतला प्रत्येक कोणाच्या अंगावर पडतो हे कोणी विचारत नाही. नशाबंदी ही तर बायकांचीच मागणी, तिच्यासाठी त्यांनी दारूचे गुत्ते फोडलेत. पण कुऱ्हाडबंदी? सरपण कोण आणतं? डोंगर बंद झाला की तिची मोळी दोन कोस लांब जाते. चराईबंदी? गाय-म्हैस गोठ्यात बांधून चारा विकत घालणं ज्याला परवडतं त्याला ती सोपी. ज्या बाईच्या चार शेळ्या म्हणजे तिची बँक, तिला त्या विकाव्या लागतात. आणि नसबंदी म्हटल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण आडवं होतं, हे आपल्याला माहीत आहे. पुरुषांची शस्त्रक्रिया किती तरी सोपी असूनही रांग बायकांचीच असते. माती वाचवण्याच्या सूत्रात बाईचं गर्भाशय येऊन बसलं आणि कोणाला खटकलंही नाही! बंदी नको असं मी म्हणत नाही. डोंगर पाच वर्षं मोकळा सोडल्याशिवाय गवत येत नाही, हे शेळ्या राखणाऱ्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. पण बंदीचा ठराव करताना तिला विचारलं का, पहिल्या गवतावर तिचा हक्क ठेवला का, सरपणाची सोय आधी केली का, याची चौकशी विद्यार्थ्यांनी करावी. ती पंचसूत्री पाठ करण्यापेक्षा अवघड आहे.

तसाच एक फसवा शब्द ‘पडीक’. नकाशा करताना गायरानाला विद्यार्थी पिवळा रंग देतात आणि कोपऱ्यात लिहितात, पडीक जमीन, वृक्षारोपणास योग्य. मराठवाड्यात जाऊन पाहा. त्या पडीक जमिनीवर कितीतरी दलित आणि भटक्या कुटुंबांनी पिढ्या घालवल्या आहेत, दगड वेचून ज्वारी-बाजरी काढली आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी वहिवाट नियमित करावी यासाठी १९९१ साली शासननिर्णय निघाला. एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी मारही खाल्ला. आणि त्या वहिवाटीत राबण्याचा मोठा भाग बायकांचा आहे, कारण पुरुष ऊसतोडीला किंवा शहरात गेलेले. उद्या त्या नकाशाचा आधार घेऊन कोणी रोपं लावायला आलं, तर पिवळा रंग देणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण काय केलं हे कळणारही नाही.

या सगळ्याला इंग्रजी पत्रकांतून ‘लँड स्टुअर्डशिप’ म्हणतात. आपल्याकडे त्याचं ‘भू-विश्वस्तता’ वगैरे भाषांतर होतं. मला आपला ‘राखण’ हा शब्द बरा वाटतो. पिकाची राखण, गुरांची राखण, लेकराची राखण. राखण करणाऱ्याची मालकी नसते, जबाबदारी मात्र पूर्ण असते. कोकणात गावाच्या सीमेवरचा राखणदार असतो, त्याला नारळ मिळतो, मान मिळतो, तो पुरुषच. घरादाराची, रानाची, बियाण्याची राखण करणारीला नारळही नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी जमीन-जंगल राखण्याचं काम करावं, या कल्पनेचा इतिहास शोधताना एक गोष्ट हाती लागली, ती मैत्रिणींना आवडेल. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात सरकारनं बेकार तरुणांचं एक संवर्धन दल उभारलं होतं. झाडं लावणं, पायवाटा करणं, धूप थांबवणं अशी कामं. तीसेक लाख जणांना त्यात काम मिळालं, सगळे पुरुष. बेकार बायकांचं काय, हा प्रश्न एलिनॉर रूझवेल्ट यांनी लावून धरला, तेव्हा त्यांच्यासाठी काही शिबिरं निघाली, त्यांत जेमतेम साडेआठ हजार बायका गेल्या. लोकांनी त्या शिबिरांचं नाव पाडलं ‘शी-शी-शी’. इंग्रजी ‘शी’ म्हणजे ‘ती’. मराठी कानाला त्यात आणखीही काही ऐकू येईल. पुढं १९५५ साली व्हासार या त्या वेळी फक्त मुलींच्या असलेल्या महाविद्यालयात एलिझाबेथ कुशमन नावाच्या विद्यार्थिनीनं आपल्या प्रबंधात मांडलं की राष्ट्रीय उद्यानांची दुर्दशा झाली आहे, तर त्यांच्या राखणीसाठी विद्यार्थ्यांचं दल करावं. प्रबंध लिहून ती थांबली नाही. १९५७ च्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकड्या दोन राष्ट्रीय उद्यानांत कामाला लागल्या. अशा उन्हाळी कामाची तिकडची वाट पाडणाऱ्यांत ती पहिल्या काही जणांतली. मात्र त्या गोष्टीचीही दुसरी बाजू आहे. यलोस्टोन, योसेमिटी यांसारखी उद्यानं करताना तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकून लावलं होतं. जमीन आधी रिकामी केली आणि मग तिला राखणदार नेमले. आपल्या गायरानाशी याचं नातं सांगायला नको.

आता, ही इंटर्नशिप करतं कोण? महिना-दीड महिना बिनपगारी राहणं, वर प्रवासाचा आणि जेवणाचा खर्च करणं ज्या घराला झेपतं त्या घरची मुलगी. ज्या गावात ती येते त्याच गावातली, त्याच वयाची, तालुक्याच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी त्या वेळी कुठं असते? उन्हाळी कांद्याच्या काढणीला, रोजानं. त्या रोजातून तिची पुढच्या वर्षाची फी निघते. तिलाही अभ्यासक्रमात इंटर्नशिप आहेच. मग ती तालुक्याच्या एखाद्या दुकानातून सही-शिक्का आणते आणि दिवसभर कांदा काढते. म्हणजे जिनं लहानपणापासून आईबरोबर बांधावर माती टाकली, कोणत्या ओहोळाला कधी पाणी येतं हे जिला पाठ आहे, तिला त्या ज्ञानाबद्दल शून्य श्रेयांक, आणि तिच्या आईची मुलाखत घेणारीला चार. शहरातून आलेल्या मुलीचा यात दोष नाही. पण आपण संस्था म्हणून दोघींना एका कामावर घेऊ शकतो, आणि गावच्या मुलीला निदान कांद्याच्या रोजाइतकं विद्यावेतन देऊ शकतो. ‘पैसे कुठून आणायचे?’ रंगीत अहवालाच्या छपाईला, समारोपाच्या मंडपाला आणि पाहुण्यांच्या शालींना जिथून येतात तिथून.

नावांवरूनही कळतं. कृषी महाविद्यालयांची मुलं शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहतात, ती बहुधा पावसाळ्यात. वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येतात. मुलगे असले तर ‘कृषिदूत’, मुली असल्या तर ‘कृषिकन्या’. दूताला निरोप पोहोचवायचा असतो, त्याला काम आहे. कन्येला काय, ती कोणाची तरी असते. आणि ज्यांच्या शेतावर ती जाते त्या बातमीतल्या ‘शेतकरी बांधवां’मध्ये बाई शोधावी लागते.

मुलींच्या राहण्याचा, संडास-मोरीचा, पाळीच्या दिवसांतल्या सोयीचा विचार आधी करावा लागतो, हे आपल्या गटांना नव्यानं सांगायची गरज नाही. एक मात्र सांगते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बिनपगारी प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. माळरान हेसुद्धा कामाचं ठिकाण आहे. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या संस्थेला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तिचा पत्ता आणि दूरध्वनी मुलींना पहिल्याच दिवशी लिहून द्यावा. गावच्या मुलीलाही.

मग विद्यार्थ्यांनी करायचं काय? चर खणावेत, झाडं मोजावीत, सगळं करावं. पण पहिला आठवडा सातबाऱ्याचा असावा. पाणलोटातल्या प्रत्येक गटाचा उतारा काढायचा, आता तो संकेतस्थळावरही मिळतो, आणि त्या शेजारी स्वतःच्या चौकशीतून एक रकाना भरायचा, प्रत्यक्ष कसतं कोण. दोन्ही रकान्यांत फरक दिसला की मुलं आपोआप प्रश्न विचारायला लागतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या तिघींनी एका वस्तीत असं केलं. नवरा जाऊन कित्येक वर्षं झालेल्या बायका अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावची जमीन कसत होत्या. ना पीककर्ज, ना विमा, ना नुकसानभरपाई. त्या मुलींनी मृत्यूचे दाखले गोळा केले, वारसांची प्रतिज्ञापत्रं लिहून दिली, तलाठी कार्यालयात हेलपाटे घातले. फेरफाराची नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावं लागतं, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. एका उन्हाळ्यात बसण्यासारखं हे काम आहे. काही नोंदी झाल्या, काहींवर दिरांनी हरकती घेतल्या आणि त्या अजून लोंबकळत आहेत. एक आजी उतारा हातात घेऊन म्हणाल्या, ‘पोरी, हितं माझं नाव कुठं हाय त्यावर बोट ठेव.’ वाचता येत नव्हतं, पण बोट ठेवलेल्या जागेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

हे एखाद्या वस्तीचं दुखणं नाही. महिला किसान अधिकार मंचानं, म्हणजे ‘मकाम’नं, २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांनंतर मागं राहिलेल्या ५०५ बायकांची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के जणींना शेतजमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. ज्यांच्या घरावर सगळ्या राज्याचं लक्ष होतं त्यांची ही गत, तर साध्या आजारानं नवरा गेलेल्या बाईची काय असेल? आणि ज्या जमिनीवर तिचं नाव नाही त्या जमिनीत ती बांध कशाला घालील, झाड कशाला लावील? आंब्याला फळ धरायला पाच वर्षं लागतात. पाच वर्षांनी आपण इथं असू की नाही हेच जिला माहीत नाही, तिला संवर्धनाचं महत्त्व पटवून देणाऱ्या पथनाट्याची गरज नसते. वनहक्क कायद्यानं २००६ मध्ये हे ओळखलं. विवाहितांच्या बाबतीत वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. महसुली जमिनीला तसा दंडक नाही. मुलांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

याला विरोध होईल. महाविद्यालयं म्हणतात, ‘पर्यावरणाच्या विषयात हे राजकारण नको.’ गावकरी म्हणतात, ‘पोरं झाडं लावायला आली होती, आमच्या घरात भांडणं लावून गेली.’ दुसरा आक्षेप मला गंभीर वाटतो. विद्यार्थी जूनमध्ये निघून जातात, दीर तिथंच राहतो. ज्या बाईनं नोंदीसाठी अर्ज केला तिला पावसाळाभर त्याच घरात राहायचं असतं. म्हणून जिथं आपला बायकांचा गट पक्का आहे, जिथं पुढच्या सुनावणीला तिच्याबरोबर जाणारी कोणी आहे, तिथंच हे काम विद्यार्थ्यांना द्यावं. अर्जावर सही करायची की नाही हे त्या बाईनं ठरवायचं. अहवालात आकडा वाढावा म्हणून एकीवरही जोर करू नये. आणि नोंदवहीची एक प्रत मुलं जाताना गटाकडे राहिली पाहिजे, महाविद्यालयाच्या कपाटात एकुलती एक प्रत नको. राजकारणाच्या आक्षेपाबद्दल एवढंच म्हणेन की सातबारा हा सरकारी कागद आहे, तो वाचायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

या वर्षी आलेल्या पत्रांना उत्तर देताना आम्ही चार अटी घातल्या आहेत: पहिला आठवडा सातबारा आणि कसणारीची नोंद, विद्यार्थ्यांच्या संख्येच्या निम्म्या तरी गावच्या मुली विद्यावेतनावर, अहवालात ‘लोकसहभाग’ लिहायचा असेल तर बायका किती, पुरुष किती, कोणी काय काम केलं आणि कोणाला किती मजुरी मिळाली हे सोबत, आणि अहवालाचं मराठीतलं वाचन गावच्या बायकांच्या बैठकीत, महाविद्यालयात सादर करण्याच्या आधी. दोन महाविद्यालयांनी होकार कळवला आहे. एकानं दुसरी संस्था शोधली. ज्या गटांकडे अशी पत्रं आली असतील त्यांनी उत्तर धाडण्याआधी आपापसात बोलून घ्यावं, म्हणजे एकीकडे नाकारलेलं महाविद्यालय शेजारच्या तालुक्यात विनाअट घेतलं जाणार नाही. मार्चअखेर मुलांच्या परीक्षा सुरू होतात, त्याच्या आत.